सुई मेली

"मेली!" असं म्या पडद्याआडून वरडले, आन् भाईर एकदम बोंब उठली.

"आगं माझी सून गेली वं! दुधपितं लेकरू उघडं पडलं वं!" ही म्हातारी सासू. तिच्यामागून तिचा थोरला लेक, म्हंजे सुनंचा मोठा दीर, "बिजली लावून मारली! धरा त्याला!" आन् धाडकन स्टूल पडल्याचा आवाज. त्या स्टुलावर आमचे दाक्तर बसलेले व्हते. कळमनुरीचा बाजार, भर दुपार, धर्मशाळेच्या म्होरं मिरच्यावाले, बैलवाले, कोंबड्यावाले. सगळे धावत आले आसतील, कारन कोंबड्यांचा कलकलाट बी पार पडद्यापाशी आला. आन् हिकडं आत, जी मेली म्हनून ते ऊर बडवून राहिले, ती बाई माझ्यासमोर पाटावर मांडी घालून बसलेली. चांगली जिती. डोळे मोठाले करून माझ्याकडं बघून राहिलेली. माझ्या हातात पितळी चकती, चकतीला वायर, आन् वर झोळीत माझी सोनी दचकून उठली, तिनं बी भोकाड पसरलं.

म्या सुई मेली म्हनलं व्हतं वो. बाई न्हाई, सुई!

थांबा, जरा दम घेते. सुईचं सांगितल्याबिगर तुमाला ह्यातलं काय कळायचं न्हाई.

मी शेवंता. नवरा हिंगोलीला जिनात कापसाच्या गाठी बांधतो. माझी तिसरी यत्ता मामाच्या गावी झाली, वाशीमकडं, म्हनून आकडे वाचता येतात. तेवढ्यावरच दाक्तरांनी मला ठेवलं. दाक्तर हैद्राबादेकडचे, तरणे, आर्धं मराठी आन् आर्धं त्यांच्याकडचं बोलनार. त्यांनी तिकडून एक डबा आनला व्हता, कातडं मोजायचा. व्हय, कातडंच. लांबीरुंदी न्हाई. मानसाचं कातडं विजेला किती आडवं येतं, ते मोजायचं.

डबा लाकडी, पायलीच्या मापाएवढा. त्याच्या डोक्यावर घड्याळासारखं तोंड, पन काटा एकच. त्यालाच आमी सुई म्हनतो. पोटात बॅटरी आन् एक भुंगा. भुंगा म्हंजे खरा न्हाई, लोखंडाची पट्टी हाय, बटन दाबलं की गुणगुणती. दाक्तर म्हनाले, वीज एकाच बाजूनं सोडली तर कातडीला चावती, म्हनून भुंगा तिला म्होरं-मागं, म्होरं-मागं पळवतो. डब्यातून दोन वायरी निघतात, दोन्हींच्या टोकाला पितळी चकत्या. चकतीखाली मिठाच्या पान्यात भिजवलेली फलानीनची चिंधी. एक चकती रोग्याच्या तळहाताला बांधायची, दुसरी जिथं मोजायचं तिथं ठेवायची. वीज इतकी बारीक की मुंगी चालल्याएवढं बी कळत न्हाई. सोनी पोटात व्हती तवा म्या सोताला लावून बघितलं, मगच दुसऱ्याच्या आंगाला हात लावला.

"चमडी म्हंजे दरवाजा, शेवंताबाई," दाक्तर म्हनायचे. "पसीना उसकी चाबी."

घाम असला की दार उघडतं, वीज आत जाती, सुई चढती. कातडं कोरडं पडलं, घाम आटला, की दार बंद, सुई जागची हालत न्हाई. आन् महारोगाचा डाग असतो ना, त्याच्या खालची नस मेलेली असती. तिथं घाम येत न्हाई. वरून बघाल तर गजकर्ण वाटंल, कोड वाटंल, उन्हाचा चट्टा वाटंल. डोळा फसतो, पन सुई सहसा फसत न्हाई.

पन नुसत्या सुईवर बी जायाचं नसतं. माझं पयलंच गिऱ्हाईक एक हमाल, जवळा बाजारचा. रुईच्या गाठी उचलून त्याचे तळवे आशे झालेले की कुऱ्हाडीचा दांडा बरा. चकती ठेवली, सुई ढिम्म. मला वाटलं, रोगच निघाला. म्या दाक्तरांकडं बघितलं, तर ते हसून राहिले. "दुसरा हात?" म्हनले. दुसऱ्या हाताला लावली, तिथं बी ढिम्म. तवा शिकले. कातडं जाड असलं तरी बी वीज आडती. म्हनून एका जागंचं मोजून भागत न्हाई. डाव्या दंडावर डाग असंल तर उजव्या दंडावर तीच जागा बघायची, दोन्हींत फरक किती ते सांगायचं. हमालाला म्हनलं, "दादा, तुमाला कायबी न्हाई, तुमचं कातडंच नामी हाय." तर तो म्हनतो, "ते माझी बायको कवाची म्हनून राहिली, बाई. तिला डबा लागला न्हाई."

दुसरी गंमत तेलाची. आपल्याकडं परगावी जायाचं म्हनलं की मानूस आंग चोपडून, डोईला तेल थापून निघतो. दाक्तराकडं जायाचं म्हनून तर जास्तीच. तेलावर सुई कशी चढंल? म्हनून पयले साबन, मग कोमट पानी, मग कोरडं फडकं, मग थोडा येळ गप बसवायचं. एक मणेरीन चाची यायची, हिंगोलीचीच, बांगड्या भरायची. तिची रोज तक्रार. "बाई, तुम मोजते कम, धोते जादा. माझं तेल धुतलंस, आता माझ्या खसमला मी वळखू येनार न्हाई." तिच्या बोटांला मुंग्या यायच्या. सुई दोन्हीकडं सारखी चढली. निघालं काय, तर दिवसभर बायकांचे हात आवळून धरून तिची सोताची नस आखडलेली.

आन् मानूस घाबरला तरी सुई चढती बरं का. भीतीनं घाम सुटतो ना. हे कुनीतरी गावात फोडलं, आन् एक पाटील दोन चुलतभावांला दंड धरून घिऊन आले. शेळी चोरली म्हने. "ह्यांला डबा लावा, खोटं कोन बोलून राहिला ते सांगा." दाक्तर चिडले. म्या म्हनलं, "पाटील, तुमालाच लावून बघू का आदी?" पाटलांला लई कामं आठवली.

तर असा आमचा डबा. हिंगोलीच्या दवाखान्यात बायामानसं कमी यायची. मोठ्या घरात गोषा, परपुरुषानं आंगाला हात लावायचा न्हाई, नखाकडं बी बघायचं न्हाई. मग दाक्तरांनी ही रीत काढली. बाजाराच्या दिशी त्या त्या गावी जायाचं, धर्मशाळेत एक खोली घ्यायची, मधात चादर बांधायची. आत मी, डबा आन् बाई. भाईर दाक्तर स्टुलावर. मी सुई वाचून वरडायची, ते लिहून घ्यायचे. "तीस!" "पस्तीस!" आन् हाललीच न्हाई तर "मेली!" हा माझा शब्द. चूल विझली की आपन चूल मेली म्हनतो का न्हाई, तसं. दाक्तर पयल्यांदा लई हसले, मग त्यांनी बी तोच धरला. हिंगोलीत सगळ्यांला तो माहीत झालेला.

कळमनुरीत आमी पयल्यांदाच गेलतो. तिथं कुनाला माहीत आसनार?

ती बाई डोंगरकड्याकडच्या एका मोठ्या शेतकऱ्याच्या घरची धाकटी सून. अन्सावैनी म्हनू आपन, खरं नाव न्हाई सांगत. पडद्याच्या छकड्यातून आलेली, संगं सासू आन् मोठा दीर. लेकरू सासूच्या मांडीवर, सोनीएवढंच, दोघं बी रांगती. सासूनं सांगितलं, सुनंला बाळंतपनापासून थकवा हाय. आत आल्यावर वैनीनं चोळीची बाही वर केली. डाव्या दंडाच्या मागं फिकट चट्टा, रुपयाहून थोडा मोठा. हळू आवाजात म्हनली, "चुलीपाशी इंगळ पडला हितं. मला कळलंच न्हाई. वास आला तवा कळलं."

म्या उजव्या दंडाला चकती ठेवली. सुई झरकन वर गेली. मग डाव्याला ठेवली. चिंधी पुन्यांदा भिजवली. जागा पुन्यांदा पुसली. भुंगा गुणगुणून राहिला आन् सुई तिथंच. दाक्तरांनी भाईरून इचारलं, "हं?"

आन् माझ्या तोंडून सवयीनं गेलं.

आता पुढचं. भाईर दाक्तरांची गचांडी धरलेली, ते "जिंदा है भाई, जिंदा है" म्हनून राहिले आन् ऐकतंय कोन. म्या वैनीला हलवलं. "वैनी, आवाज द्या! जिती हाय म्हना!" वैनीनं पदर तोंडात धरला आन् मान हलवली. न्हाई. म्या म्हनलं, "आवो काहून न्हाई?" तर माझ्या कानाशी तोंड आनून म्हनती, "भाईर थोरले भावजी हायत. त्यांनी माझा आवाज कंदी ऐकला न्हाई."

हसावं का रडावं, सांगा. भाईर दाक्तरांचा जीव चाललेला, आन् ही बाई मेलेली राहील पन दिरासमोर बोलनार न्हाई. म्या तिचे दोन्ही हात धरून बांगड्या खळाखळा वाजवल्या. कोंबड्यांच्या आवाजात कुनाला ऐकू जानार? मग म्याच चादरीतून तोंड काढलं आन् बेंबीच्या देठापासून वरडले, "मावशी! आत या! तुमची सून बसलीय बघा!"

सासू लेकरू काखंत मारून आत आली. सुनंला बघितलं. पयले तिच्या तोंडावरून हात फिरवला, मग माझ्या पाठीत आसा धपाटा घातला की मी डब्यावर पडता पडता वाचले. "भवाने, जित्या बाईला मेली म्हनतीस!" आन् चादर सरकवून भाईर गरजली, "जिती हाय रं! सोड त्या दाक्तराला!"

वाटलं, झालं. सुटलो. लोक हसायला लागले. दाक्तरांचा सदरा फाटला व्हता, तेवढ्यावर निभावलं. आन् तवा गर्दीतून कुनीतरी बोललं. मानूस म्या बघितला न्हाई, आवाज तेवढा ऐकला.

"आरं, सुई मेली म्हनत आसंल. हिंगोलीत ज्याची सुई मेली त्याला महारोग निघतो."

हसू थांबलं. कोंबड्या तेवढ्या वरडत राहिल्या.

तुमाला ठाव हाय, महारोग निघाल्यावर बाईचं काय व्हतं. बापई असला तर त्याला वावरात खोपी बांधून देतात, भाकर लांबून ठेवतात. बाई असली तर तिला माहेरी सोडतात, माहेरचे ठेवून घेत न्हाईत, आन् लेकरू पयल्याच दिशी काढून घेतात. दाक्तरांनी मला शिकवलेलं, की असा एकच कोरडा डाग असला तर तो रोग सहसा दुसऱ्याला लागत न्हाई. डागात कडूकवठीच्या तेलाच्या सुया टोचल्या, चिकाटी धरली, तर पुष्कळदा आवरतो. आन् आमचा नेम व्हता, रोग्याचं रोग्यालाच सांगायचं, बाजाराला न्हाई. पन हे सगळं भर बाजारात गर्दीला समजावून सांगा बघू.

वैनीनं माझा पदर मुठीत धरला. तिच्या चोळीवर दूध उतरलेलं दिसून राहिलं, लेकरू सासूच्या काखंत रडून राहिलं व्हतं ना, म्हनून.

सासू माझ्याकडं वळली. आवाज एकदम खाली. "खरं का गं?"

"न्हाई मावशी," म्या म्हनलं. "बॅटरी मेली. बॅटरीला म्हनले मी. सायबाच्या लढाईपायी नवी मिळंना, जुनीवरच रेटून राहिलो."

लई सफाईनं म्हनलं, मला बी इश्वास बसावा इतक्या. पन ती म्हातारी शंभर एकराचं घर चालवनारी. तिनं डब्याकडं बघितलं, सुनंच्या दंडाकडं बघितलं, आन् वर झोळीकडं बघितलं.

"ते तुझं लेकरू?"

"व्हय."

"काढ खाली."

म्या सोनीला खाली घेतलं. मला कळलं म्होरं काय हाय ते.

"ठेव तिच्या डोक्यावर हात," म्हातारी म्हनली. "आन् म्हन, माझ्या सुनंच्या आंगात कायबी रोग न्हाई. बॅटरीचं सांगू नको मला. सुनंचं सांग. तू बी आई हायस, म्या बी हाय. लेकराची शप्पत घे, आन घे, म्या मुकाट्यानं तिला घरी नेते, आन् जो तोंड उघडंल त्याचं तोंड फोडते."

लेकराची खोटी आन घेतली की ती लेकराला लागती. हे मला कुनी शिकवलं न्हाई, दुधासंगंच आलं ते. दाक्तर चादरीपलीकडं व्हते, सगळं ऐकून राहिले व्हते. ते बोलतील म्हनून म्या वाट बघितली. ते बोलले न्हाईत. सोनीनं माझं बोट धरून तोंडात घातलं. तिला नुकतेच दात फुटून राहिले व्हते.

म्या हात ठेवला. टाळू अजून मऊ व्हती, खाली नाडी उडून राहिलेली. आन् म्हनलं, "तुमच्या सुनंच्या आंगात कायबी रोग न्हाई."

म्हातारीनं माझ्या डोळ्यात बघितलं. लेकरू सुनंच्या पदरात टाकलं. "पाज त्याला," म्हनली आन् भाईर गेली. भाईर तिनं काय सांगितलं ते म्या ऐकलं न्हाई, मला कानात नुसता भुंगा ऐकू येऊन राहिला. बटन दाबलेलंच राहिलं व्हतं.

माघारी येताना छकड्यात दाक्तर फाटका सदरा धरून बसले व्हते. हिंगोलीचं टेशन दिसलं तवा म्हनले, "शेवंताबाई, मी आसतो तर काय केलं आसतं, मला समजत न्हाई. मला लेकरू न्हाई."

म्या म्हनलं, "दाक्तर, तिला सुया कशा द्यायच्या ते सांगा."

ते म्हातारीलाच निरोप धाडून जमवलं. सुनंला आशक्तपना हाय, ताकदीच्या सुया लागतील, बाई घरी यिऊन देईल. म्हातारीनं हो म्हनलं. दाक्तरांनी मला डागात टोचायला शिकवलं. आता दर बाजाराला मी डोंगरकड्याला जाते, सोनी काखंत, पिशवीत तेलाची बाटली. वैनी बाही वर करती आन् तोंड फिरवती. मधात अजून लागत न्हाई, पन डागाच्या कडंला टोचलं की आता "सस्" करती. तो "सस्" ऐकायला मी तेवढी वाट तुडवते. दाक्तर म्हनतात, आशा धरा, उड्या मारू नका. म्हातारी म्होरं बसून सुपारी कातरती, मला चहा देती, आन् कायबी इचारत न्हाई. कधी कधी वाटतं, तिला त्याच दिशी कळलं व्हतं. तिला खरं नको व्हतं, आन पाहिजे व्हती.

पन म्हातारीनं भाईर बॅटरीचंच सांगितलं व्हतं, आन् आमच्या डब्याचं नाव गेलं. बाजारभर झालं, मेल्या बॅटरीचा डबा. कळमनुरीत पुढल्या खेपंला पडद्याआड कुनी आलं न्हाई. जवळा बाजारकडची एक बाई यायला निघाली व्हती, वाटंत कुनीतरी हे सांगितलं, तिनं गाडी माघारी वळवली. ती पुढल्या साली हिंगोलीला आली तवा तिच्या उजव्या हाताची दोन बोटं वाकलेली व्हती. तिनं बोटं म्होरं केली आन् म्हनली, "आता तरी बॅटरी चालती का गं, बाई?" म्या व्हय म्हनून मान डोलवली. साबन घिऊन तिचा हात धुवायला बसले.

माझ्या सासूला घरी खोट्या आनेचं कळलं. तिनं मला शिव्या दिल्या न्हाईत, ते जास्त वाईट. सोनीवरून मीठमिरच्या ओवाळून टाकल्या, मला औंढ्याला नागनाथाच्या पायरीवर नाक घासायला लावलं. म्या घासलं. पन देवाला म्हनले, चुकले असं म्हननार न्हाई. जे बोलले ते बोलले. लागायचं आसंल तर मला लागू दे.

काम म्या सोडलं न्हाई. सुई वाचण्यात मी पक्की हाय, दाक्तर बी आता चादरीपलीकडून दुसऱ्यांदा इचारत न्हाईत. शब्द तेवढा बदलला, आता "थांबली" म्हनते. भेत न्हाई कुनाला. फकस्त सोनीचं आंग गरम झालं ना, की माझा हात तिच्या डोक्याकडं जातो आन् आर्ध्यातच थांबतो. मागच्या म्हयन्यात तिला गोवर निघाला. उतरला तो, आता बरी हाय, आंगनात कोंबड्यांमागं पळून राहिली. पन ते सगळे दिवस मी तिला एकाच हातानं घेतलं. ज्या हातानं आन घेतली तो हात म्या पाठीमागं धरला.

तुमी शिकलेल्या बाया, मासिकाचा हा अंक वाचनाऱ्या. तुमी म्हनाल, असं आनेबिनेनं काय व्हत न्हाई. बरं, न्हाई व्हत. मग एक सांगा मला. तुमच्या काखंत तुमचं लेकरू, समोर दुसरीचं लेकरू तिच्या सासूच्या काखंत, आन् म्हातारी म्हनती ठेव हात. तुमी ठेवला असता का?